बोलण्याचे गुण वजा

४ ऑगस्ट २०२४

प्रात्यक्षिकाच्या काळात विद्यार्थ्याने रोजच्या कामाची नोंद ठेवावी, अशी विद्यापीठाची अट आहे. ती नोंद मी वेगळ्या वहीत ठेवणार आहे: स्वच्छ अक्षरात, समास आखून आणि पूर्णपणे खोटी. ही वही खऱ्यासाठी.

तर खरे असे की वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे. विषय: ग्रंथालय आणि माहिती व्यवस्थापन, पदव्युत्तर, दूरशिक्षण. बावीस वर्षे मी इंझोरीचे वाचनालय चालवतो आहे. रॉकेलच्या दुकानामागची एक खोली होती, तिथे आज सहा हजार पुस्तके आहेत. पण सरकारदप्तरी वाचनालयाचा वर्ग वाढला आणि वरच्या वर्गाला पदवीवाला ग्रंथपाल लागतो. आमचे अध्यक्ष हरीओमभाऊ म्हणाले, "नरेंद्रभाऊ, जूनपर्यंत पदवी आना. नाही तं मले दुसरं माणूस पाहा लागन." दुसरे माणूस त्यांनी पाहून ठेवले आहे. त्यांची पुतणी साधना. तिच्याकडे पदवी आहे आणि ती कारंज्याला घरी बसून आहे.

पहिले वर्ष पार पडले. राहिले दुसरे.

११ ऑगस्ट

वर्गीकरणाचा पेपर. सगळे मानवी ज्ञान दहा खणांत बसते, असे कळले. आमच्या देशात माणसे चारच खणांत बसवली होती, त्या मानाने ही प्रगतीच.

१८ ऑगस्ट

कारंज्याच्या अभ्यासकेंद्रात रविवारचा वर्ग. शिकवायला रतनसिंग सर. वय एकतीस, आवाज असा की दुसऱ्या बाकाला पोचेपर्यंत दमतो. या माणसाला कुठल्याही सभेत माइकवाल्यानेच खाली बसवले असते.

आजचा विषय 'संदर्भ मुलाखत'. म्हणजे वाचक येतो, काहीतरी मागतो. तो जे मागतो तेच त्याला हवे असते असे नाही. खरे काय हवे ते सांगायला माणूस लाजतो. म्हणून ग्रंथपालाने छोटा प्रश्न विचारावा आणि गप्प बसावे. परत छोटा प्रश्न. परत गप्प. अशा पाच मुलाखती शब्दशः उतरवायच्या आणि शिवाय एका वाचकावर मोठा प्रकल्प लिहायचा. ग्रंथपाल वाचकापेक्षा जास्त बोलला तर गुण वजा.

मी उभे राहून विचारले की ज्या समाजाला हजारो वर्षे गप्प बसवले गेले, त्यातल्या माणसाला तुम्ही आता अभ्यासक्रमातून गप्प बसवणार काय, आणि मौन हे मूल्य कोणत्या वर्गाच्या सोयीचे आहे.

सर म्हणाले, "सर, तुमचा हा प्रश्नच पाच मिनिटं चालला."

वर्ग हसला. हसू द्या. मी अमरावतीला तीस हजारांच्या सभेत बोललो आहे.

२७ ऑगस्ट

पहिली मुलाखत. जानराव पाटील आले. वाचनालयात पहिल्यांदाच. सोयाबीनवर काही पुस्तक आहे का, असे विचारले. मी त्यांना बसवले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केले. सोयाबीन आपल्या मातीत कसे आले, ज्वारी कोणी मारली, तेलाचे राजकारण, पेंडीची निर्यात, सगळा पट उलगडला. जानराव अगदी खिळून ऐकत होते. मधून मधून दाराकडे पाहत होते, पण ते विचारमग्न माणसाचे लक्षण आहे.

मुलाखत उत्तम झाली.

१ सप्टेंबर

रतनसिंग सरांनी मुलाखत परत दिली. शेरा: 'यात वाचक दोनदा बोलला आहे. एकदा "हो" आणि एकदा "बस चुकन माही". मुलाखत कोणी कोणाची घेतली?'

गुण वीसपैकी दोन. ते दोन कशाचे, विचारले. म्हणाले, शुद्धलेखनाचे.

२ सप्टेंबर

जानराव रस्त्यात भेटले. म्हणाले, "भाऊ, पिकाची पानं पिवळी पडून राह्यली व्हती, तेवढंच पाह्याचं व्हतं. तुमचं आयकेपर्यंत वाळली." मग बरेच हसले. सोबतच्यांनाही सांगितले.

शेतकरी वर्गाची वैचारिक भूक मारली गेली आहे, हे माझे जुने मत आहे.

२० सप्टेंबर

सगळे वाचक जानराव नसतात, ही या नोकरीतली सोय.

आज लिलामावशी आल्या. बहात्तर वर्षांच्या, बुद्धविहारामागे घर, कालपरवापर्यंत निंदणाला जात होत्या. माझी सभा या बाईने तीस वर्षांत चुकवली नसेल. सगळ्यांत पुढे, जमिनीवर बसतात. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येतात आणि मी भाषणात ज्या पुस्तकाचे नाव घेतले तेच मागतात. पुस्तक पदरात गुंडाळून नेतात, आठवड्याने आणतात. पानाला दुमड नाही, डाग नाही. पदव्या घेतलेले लोक पुस्तकात लोणच्याचे तेल सांडतात.

मी प्रत्येक भाषणात त्यांचे उदाहरण देतो. "पाहा त्या माउलीकडे," म्हणतो. मावशी खाली मान घालतात. विनय.

१२ ऑक्टोबर

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारासमोर दीड तास बोललो. छप्पन्न साली या भागातून नागपूरला निघालेली माणसे मी आज उभी केली. धुळीबद्दल एक वाक्य बोलता बोलता सुचले. आता आठवत नाही, पण टाळ्या थांबत नव्हत्या.

सोयाबीनवर बोलल्याबद्दल गुण वजा करणाऱ्या विद्यापीठाने आज इथे यायला हवे होते.

१४ ऑक्टोबर

मावशी आल्या. परवाच्या भाषणात मी ज्या जाड पुस्तकाचा उल्लेख केला, ते मागितले. दीक्षेला गेलेल्या साध्यासुध्या लोकांच्या आठवणींचा संग्रह आहे. हातात घेऊन म्हणाल्या, "यातच हाय का रे नरेन, तू बोल्ला ते?"

म्हटले, यातच आहे, आणि याहून बरेच आहे. मग त्या संग्रहाचे महत्त्व थोडक्यात सांगितले. मध्येच म्हणाल्या, "नरेन, एक इचाराचं व्हतं." मी म्हटले, विचारा मावशी, विचारण्याचा हक्क हीच तर आपली कमाई आहे, आणि ती कमाई कशी झाली तेही सांगितले. तोवर त्यांची सून बोलवायला आली.

काय विचारायचे होते ते राहिलेच. पुढच्या वेळी.

१० नोव्हेंबर

प्रकल्पाचा विषय मंजूर: 'ज्येष्ठ महिला वाचकाची वाचनवृत्ती: एक व्यक्ती-अभ्यास'. व्यक्ती अर्थातच लिलामावशी. एकदा मंजूर झालेला विषय बदलता येत नाही. बदलायची गरजही नाही. इतका तयार विषय कोणत्या विद्यार्थ्याला मिळतो?

बाकीच्या चार मुलाखती कशाबशा झाल्या. तोंडात सुपारी धरून बसतो. एका मुलाखतीत वाचक माझ्यापेक्षा जास्त बोलला. सरांनी शेरा दिला: 'अभिनंदन.' मला त्यात खोच दिसते.

८ डिसेंबर

पल्लवी, म्हणजे माझी पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. जेवताना म्हणाली, "मावशीले तुमी कधी इचारलं का, कोनतं पुस्तक आवडलं म्हनून?"

मी म्हटले, प्रकल्पाची मुलाखत फेब्रुवारीत आहे.

म्हणाली, "मुलाखत नाही. इचारलं का?"

पहिलीला शिकवणाऱ्या लोकांना एकच गोष्ट दोनदा विचारायची सवय असते.

२६ जानेवारी २०२५

आजचा दिवस माझ्या बावीस वर्षांचे फळ.

झेंडावंदनानंतर वाचनालयातर्फे 'उत्कृष्ट वाचक' सन्मान. हरीओमभाऊंच्या हस्ते शाल. मावशी येत नव्हत्या, पाय दुखतो म्हणाल्या. मी स्वतः जाऊन आणले. सत्कारानंतर मी जाहीर केले की मावशी त्यांच्या आवडत्या पुस्तकातला उतारा वाचून दाखवतील. त्यांना आधी सांगितले नव्हते. उत्स्फूर्ततेला तोड नसते.

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग पुस्तक उघडले आणि वाचले. काय वाचन! चष्मा न लावता, एकदाही न अडखळता, पुस्तकाकडे फारसे न पाहता. पाच मिनिटे मैदानात कावळा बोलला नाही. आणि तो उतारा! 'धूळ त्यांच्या पायांना लागत नव्हती, धूळ त्यांच्या पाया पडत होती.' असे वाक्य मला सुचायला हवे होते. हा लेखक कोण, पाहिले पाहिजे. पुष्कळसा माझ्याच वळणाचा दिसतो.

हरीओमभाऊंनी मोबाइलवर चित्रण करून गावभर पाठवले. मला म्हणाले, "भाऊ, मानलं तुमाले. जूनमंधी पेढे आनजा." म्हणजे पुतणीचे पेढे लांबले.

पल्लवी मावशींना हात धरून घरी सोडून आली.

३ फेब्रुवारी

प्रकल्पात उताऱ्याचा संदर्भ द्यायचा तर पान क्रमांक लागतो. लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पान. पान नसेल तर संदर्भ अमान्य. यातला स्वल्पविराम चुकला तरी अर्धा गुण जातो. संशोधन म्हणजे स्वल्पविरामांची हमाली आहे.

म्हणून काल पुस्तकाची वाचनालयातली दुसरी प्रत चाळली. धूळ सापडली नाही. आज पहिल्या पानापासून वाचले, मलपृष्ठापर्यंत. हे पुस्तक मी पंधरा वर्षे भाषणात वापरतो आहे, पण असे सलग वाचले नव्हते, हेही यानिमित्ताने समजले. धूळ एका ठिकाणी आहे. तिथे एक माणूस म्हणतो की धुळीने खोकला झाला.

पल्लवीने शाळेतून आल्यावर माझ्याकडे पाहिले आणि आपला मोबाइल पुढे ठेवला. त्यात दसऱ्याचे माझे भाषण होते. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला मी म्हणतो आहे: धूळ त्यांच्या पायांना लागत नव्हती.

लेखक माझ्याच वळणाचा निघाला.

पल्लवीला विचारले, तुला माहीत होते? म्हणाली, "वाटत व्हतं. बाई बसची पाटीबी दुसऱ्याले इचारते." मग मला का नाही सांगितले? म्हणाली, "कवा सांगू? तुमी बोलून राह्यले व्हते."

५ फेब्रुवारी

मावशींच्या घरी गेलो. सून शेतात होती. मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावला नाही. काय बोलायचे ते सुचत नव्हते, हा माझ्या आयुष्यातला नवाच प्रकार. शेवटी म्हटले, "मावशी, त्या दिवशी काय विचारायचं होतं?"

आणि गप्प बसलो.

मावशींनी पुस्तक ट्रंकेतून काढले, पदराने पुसले, मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, नरेन. तुले समजलंच असन."

मी मान हलवली.

"तू पह्यल्यांदा मंचावरून मले दाखोलं, तवाच सांगाचं व्हतं. तू म्हन्ला, पाहा, माउली वाचते. समदे टाया वाजवून राह्यले. मंग कसं सांगू?"

हे सांगून त्या हसल्या. मला हसता आले नाही. मी तत्काळ म्हणालो की अजून वेळ गेलेली नाही, प्रौढ साक्षरतेचा वर्ग आपण विहारातच सुरू करू, उद्घाटनाला... मावशींनी हात वर केला.

"मले शिकाचं नाही. डोये राह्यले नाहीत आता. मले वाचून दाखव."

मग जे हवे होते ते सांगितले. छप्पन्नला त्याही नागपूरला गेल्या होत्या. चार वर्षांच्या, बापाच्या खांद्यावर. बाप, देवमन, लवकर वारला. कोणी काही सांगितले नाही.

"मले काहीच आठोत नाही रे. तुया भाषनात आयकलं तेच आता आठोते. डोये मिटले की ते धूळ पाया पडतानी दिसते. पन ते तू पाह्यलं नाही, तू तं जन्मलाबी नव्हता. म्हनून पुस्तक नेतो मी. यात कोनी जाऊन आलेलं माणूस असन. तो काय म्हनते ते वाचून दाखव. लिहेल हाय तेवढंच. तुयं त्यात घालू नको."

प्रश्न विचारला, गप्प बसलो, खरे काय हवे ते समजले. रतनसिंग सरांनी वीसपैकी वीस दिले असते. म्हटले, मावशी, प्रकल्प एकदा होऊ द्या, मग निवांत वाचू.

कागदाला माणसाच्या आधी घेण्यात मी आता बऱ्यापैकी प्रशिक्षित झालो आहे.

९ फेब्रुवारी

कारंजा. रतनसिंग सर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. मावशींचे चित्रण त्यांच्यापर्यंत पोचले आहे, आणि नागपूरहून येणाऱ्या बाह्य परीक्षकांपर्यंतही. तोंडी परीक्षा इंझोरीच्या वाचनालयात घ्यायची, कार्यकारिणीसमोर. परीक्षकांना त्या आजींना प्रत्यक्ष भेटायचे आहे, दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत, एखादे पान वाचून घ्यायचे आहे.

"सर, तुमचा प्रकल्प या केंद्रातला पहिला येतो," म्हणाले.

मी विषय बदलता येईल का विचारले. म्हणाले, यंदा नाही. सोडून दिला तर पुढच्या वर्षी नव्याने. पुढचे वर्ष म्हणजे पुढचा जून.

म्हणजे पुतणीचे पेढे पुन्हा जवळ आले.

२ मार्च

लिहायला बसतो आणि दोन प्रकल्प दिसतात. एकात लिलामावशी सहा हजार पुस्तकांच्या वाचनालयातल्या उत्कृष्ट वाचक. दुसऱ्यात खऱ्या. पहिला लिहिला तर परीक्षक पुस्तक उघडून त्यांच्या हातात देईल. दुसरा लिहिला तर त्यांना उघडे पाडायचे काम मीच केलेले असेल.

'ग्रंथालयीन नीतिमत्ता' या पेपरात एक वाक्य आहे: वाचकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ग्रंथपालाने बाहेर सांगू नये. मागच्या वर्षी या वाक्यावर टीप लिहून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. पाठ करून.

७ मार्च

मावशी आल्या. पल्लवीकडून त्यांना नोकरीचे कळले होते. दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "येऊ दे त्या सायबाले. मी वाचतो. मले तुये तीन-चार भाषनं आखी पाठ हायेत. कोनतं म्हनू ते सांग, अन् पान कोनतं उघडाचं तेवढी खून करून दे."

मी म्हटले, ते प्रश्न विचारतील.

"इचारू दे. तू बोलत राह्यजो. तू बोलाले लागला की कोनी कोनाले इचारत नाही."

मला माझ्या वक्तृत्वावर इतके अचूक परीक्षण कुणी दिलेले आठवत नाही.

खोटे कशाला बोलू, मी विचार केला. दिवसभर केला. जमले असते. बाहेरून आलेल्या परीक्षकाला आमच्या गावातले चहापोहे आणि माझे प्रास्ताविक पुरले असते. पण परीक्षकाच्या पुढे मावशींच्या तोंडून माझेच भाषण ऐकायचे, त्यावर मीच मान डोलवायची आणि त्याची पदवी घ्यायची, इतका वरचा वर्ग आमच्या वाचनालयाला अजून मिळालेला नाही.

८ मार्च

महिला दिन. तीन ठिकाणी भाषण होते. दोन ठिकाणी नाही म्हणालो. तिसऱ्या ठिकाणी सात मिनिटे बोललो. आयोजक घाबरले, तब्येत विचारत होते. मावशींकडे बोट दाखवले नाही. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या आणि त्यांनी मान वर ठेवली होती.

९ मार्च

प्रकल्प मागे घेतल्याचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'विद्यार्थ्याचा विषयाचा पुरेसा अभ्यास नाही.'

रतनसिंग सरांनी वाचले, माझ्याकडे पाहिले. काय झाले, एवढेच विचारले आणि गप्प बसले. त्यांचे तंत्र मला ठाऊक आहे. मीही गप्प बसलो. खूप वेळ दोघे पंख्याचा आवाज ऐकत होतो. शेवटी तेच म्हणाले, "सर, तुम्ही पास होऊ शकत होता."

हे मी ओळखून आहे.

१५ जून

निकाल. सगळे लेखी पेपर उत्तीर्ण. प्रात्यक्षिक व प्रकल्प: अनुपस्थित. एकूण: अनुत्तीर्ण.

हरीओमभाऊ घरी आले, चहा घेतला. त्यांनाच अवघड झाले होते. "भाऊ, हातातोंडाशी आलं व्हतं तुमच्या. त्या बुढीवर लिहून देल्लं असतं तं काय बिघडत व्हतं?" म्हटले, लिहायला जमले नाही. "तुमाले? अन् जमलं नाही?" त्यांचा विश्वास बसला नाही. गावाचाही बसलेला नाही. जानरावांनी तर्क लढवला आहे की मी परीक्षकाशी वाद घातला असणार. गावात हेच आता सर्वमान्य आहे, आणि मला ते बरे पडते.

पल्लवी म्हणाली, माझा पगार आहे, घाबरू नका. मग थांबून म्हणाली, "चांगलं केलं." एकोणीस वर्षांच्या संसारात हा शेरा नवा आहे.

१ जुलै

साधना रुजू झाली. वाचक म्हणून गेलो. बावीस वर्षे ज्या टेबलामागे बसलो, त्याच्यापुढे उभा राहिलो. तिकडून खोली लहान वाटते.

"काका, काय पायजे?" तिने विचारले. आणि मग ती थांबली. मी बोलण्याची वाट पाहत खरोखर थांबली. मुलीचे प्रात्यक्षिक पक्के आहे.

आठवणींचा तो संग्रह माझ्या नावावर घेतला. मावशींनी तो कालच परत केला होता, मुदतीत.

२ जुलै

उन्हे कलल्यावर मावशींच्या अंगणात. सूनबाईंनी बाज टाकून दिली. मावशी नेहमीसारख्या खाली बसल्या, मी बाजेवर. मग मीही खाली बसलो, बाजेवरून सभा सुरू झाल्यासारखे वाटत होते.

कारंज्याकडच्या एका शेतमजुराची आठवण वाचायला घेतली. माणूस लिहितो फार कोरडे. पहाटे निघालो. भाकरी आणि ठेचा बांधला होता, ठेच्यात मीठ कमी पडले. मूर्तिजापूरपर्यंत चालत गेलो. इतकेच. एवढ्या मोठ्या प्रसंगाला याला मीठ आठवते. मला राहवले नाही. मी एक वाक्य सहज पुढे जोडले, चालणाऱ्यांच्या डोळ्यांतल्या उजेडाविषयी.

मावशी म्हणाल्या, "हे तुयं."

"कसं समजलं?"

"आवाज चढते तुया."

मी पुस्तकाकडे वळलो. ओळीवर बोट ठेवले, पहिलीतली पोरे ठेवतात तसे, म्हणजे बाहेर जायला नको. पुढे वाचले. मूर्तिजापूरला गाडी उभी होती. डब्यात शिरायला जागा नव्हती. दारात माणसे लटकली होती. मग आम्ही लहान पोरांना खिडकीतून आत दिले. आतल्या लोकांनी ती मांडीवर घेतली, ओळख ना पाळख.

मावशींनी हात वर केला. मला वाटले, आवाज चढला.

"ते खिडकीचं," त्या म्हणाल्या. "ते आखीन एक डाव वाच."

वाचले.